नवं मेडिकल कॉलेज घ्यावं का? ऑप्शन फॉर्म भरण्याआधीची पायपीट

नीटचा निकाल लागला की माझ्या दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. एक नेहमीची, बीपीच्या गोळ्या नेणारी. दुसरी काउंटरवर कोपर टेकून, आवाज उतरवून विचारणारी. "भाऊ, तुमच्या मुलीला नव्या कॉलेजला घातलंय न्हवं? कसं काय हाय? आमच्या पोराचा तिथंच नंबर लागंल म्हणत्यात."

साताऱ्यात औषधाचं दुकान चालवून मला बावीस वर्षं झाली. मुलगी दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या नव्या सरकारी मेडिकल कॉलेजात, तिथल्या दुसऱ्याच बॅचला आहे. त्यामुळे दर पावसाळ्यात कोरेगाव, वडूज, विट्यापासून जतपर्यंतचे पालक माझ्याकडं येतात आणि मी तीच ती कॅसेट वाजवतो. यंदा म्हटलं, ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंती क्रमानं लिहून द्यायचा अर्ज, भरण्याआधी काय बघायचं ते लिहूनच काढावं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझा कल ठाऊक असेल. नव्या सरकारी कॉलेजची जागा मिळत असेल तर बहुतेक वेळा घ्यावी. नव्या खाजगी कॉलेजची जागा मात्र स्वतः जाऊन, दोनदा बघितल्याशिवाय घेऊ नये. बघायचं काय, तर एवढंच: तुमचं पोर ज्या वर्षी ज्या विभागात पोचेल, त्या वर्षी तिथं पेशंट असेल का आणि शिकवणारा माणूस असेल का. कमान, काचेची इमारत, लिफ्ट, ऑडिटोरियम ही सगळी वरची रंगरंगोटी.

आधी ठरवा, नवं म्हणजे काय नवं

साताऱ्याचंच बघा. आपलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ ला १०० जागांनी सुरू झालं. म्हणजे कॉलेज नवं. पण ते ज्याच्या जिवावर उभं राहिलं ते क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, कॉलेजची पाटी लागायच्या कितीतरी आधीपासून आहे. पाटण-जावळीच्या डोंगरातून साप चावलेला माणूस, हायवेवरचा अपघात, अडलेली बाळंतीण, सगळे तिथंच येतात. कॉलेज निघाल्यावर पेशंट गोळा करत फिरावं लागलं नाही.

राज्यातली बहुतेक नवी सरकारी कॉलेजं अशीच जिल्हा रुग्णालयाच्या खांद्यावर बसलेली आहेत. ९ ऑक्टोबर २०२४ ला एकाच दिवशी दहा कॉलेजांचं उद्घाटन झालं: मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. ह्यांच्या नावांनी बिचकून जाणारे पालक मी पाहिलेत. "वाशिम? एवढ्या लांब?" अंतराचा प्रश्न खरा आहे, पण पेशंटच्या बाबतीत तिथलं सिव्हिल कुणाला हार जाणार नाही.

खाजगी नव्या कॉलेजात गंगा उलटी वाहते. तिथं आधी कॉलेज काढायचं ठरतं आणि मग त्यासाठी हॉस्पिटल बांधतात. ट्रस्टचं जुनं, चालतं हॉस्पिटल असेल तर गोष्ट वेगळी. पण गावाबाहेर माळावर नवंकोरं हॉस्पिटल असेल, तर लोकांना तिथं यायची सवय लागायला वर्षं जातात.

तिसरा प्रकार कुणाच्या ध्यानातच येत नाही. कॉलेज जुनं, पण जागा नुकत्याच वाढवलेल्या. तिथं मास्तर, नाव, पेशंट सगळं असतं. होस्टेलच्या खोल्या आणि डिसेक्शनची, म्हणजे शवविच्छेदनाची, टेबलं मात्र जुन्या संख्येची. तिथली चौकशी वेगळी करायची.

आणि तुलना कशाशी करता तेही बघा. आपल्याकडं कुणी "जुनं कॉलेज" म्हटलं की डोळ्यासमोर मिरज येतं. मिरजेचं सरकारी कॉलेज १९६२ चं. त्याच्याही आधी, १८९४ पासून, तिथं वॉन्लेसचं मिशन हॉस्पिटल होतं, म्हणून तर मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात. मिरजेच्या पोरांना मिरजेतलं हॉस्पिटल आणि सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय अशी दोन दारं आहेत. अशा कॉलेजशी चार वर्षांच्या पोराची कुस्ती लावून "हे लहान दिसतंय" म्हणण्यात काय अर्थ? मिरज मिळत असेल तर मिरज घ्या, पुढचं वाचूसुद्धा नका. प्रश्न मिरज मिळत नसताना काय करायचं हा आहे.

कागद: घरबसल्या होणारं काम

हे एका संध्याकाळचं काम आहे. मोबाइलवर नाही, कॉम्प्युटरवर बसून करा.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या वेबसाइटवर कॉलेजांची यादी असते. पूर्वी मेडिकल कौन्सिल होतं, २०२० पासून हा आयोग आला. तिथं कॉलेजचं सुरू झाल्याचं वर्ष, मंजूर जागा आणि परवानगीची अवस्था बघा. नव्या कॉलेजला सुरुवातीला मिळतं ते परवानगीचं पत्र. पूर्ण मान्यता मिळते ती पहिली बॅच शेवटच्या परीक्षेपर्यंत पोचल्यावर, तपासणी होऊन. म्हणजे पहिल्या चार-पाच बॅचची पोरं शिकत असताना कॉलेज "मान्यताप्राप्त" नसून "परवानगीप्राप्त" असतं. ह्यात घोटाळा काही नाही, पद्धतच तशी आहे. पण काउन्सिलिंग करणारा एजंट "फुल रेकग्निशन आहे" असं दोन वर्षांच्या कॉलेजबद्दल म्हणाला, तर त्या माणसाचं पुढचं काहीच ऐकू नका.

मग घाबरलेले पालक विचारतात, मधेच परवानगी काढून घेतली तर पोराचं काय? कॉलेज काढताना राज्य सरकारकडून आवश्यकता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यात सरकार लिहून देतं की, संस्था सोयी उभारू शकली नाही आणि नवे प्रवेश थांबले, तर आधी घेतलेल्या विद्यार्थ्यांची जबाबदारी आम्ही घेऊ. पोर रस्त्यावर येत नाही. मात्र ह्या सगळ्यात कोर्टकचेरी, मोर्चे आणि एखादं वर्ष जाऊ शकतं, हेही तितकंच खरं. सरकारी कॉलेजात ही भीती फार कमी. खाजगी कॉलेजात संस्थेचा इतिहास बघा: तीच संस्था इंजिनिअरिंग किंवा फार्मसीचं कॉलेज कसं चालवते, तिथल्या मास्तरांचे पगार वेळेवर होतात का. हे गावात कुणालाही विचारलं तरी कळतं.

पदवी कुणाची मिळणार, हेही कागदावरच कळतं. राज्यातल्या सरकारी आणि नेहमीच्या खाजगी कॉलेजांची परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. वाशिमच्या पोराची आणि मिरजेच्या पोराची प्रश्नपत्रिका एकच, पदवीचा कागदही एकाच विद्यापीठाचा. कऱ्हाडचं कृष्णा किंवा सांगलीचं भारती विद्यापीठाचं कॉलेज अभिमत विद्यापीठाखाली येतं. त्यांची परीक्षा त्यांचीच, आणि प्रवेश दिल्लीच्या समितीमार्फत. तिथल्या नोंदणीला २ लाख रुपये अनामत भरावी लागते. ती परत मिळते, पण ऐनवेळी खात्यात नसली की धावपळ होते.

आणखी एक. "आत्ता घेऊ, पुढच्या वर्षी बदली करून जवळ आणू," असं म्हणणारे काका प्रत्येक घरात एक असतात. आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत एका कॉलेजातून दुसऱ्यात जाण्याची वाट बंद केली होती. बदलीचा हिशेब धरून कॉलेज निवडू नका.

हॉस्पिटल बघणं: इथं दोन दिवस घालवा

आता खरं काम. मुलाला बरोबर घ्या, पण पहिल्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात जाऊ नका. ऑफिसात गेलात की तुम्हाला माहितीपुस्तक आणि चहा मिळतो. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी नऊला हॉस्पिटलच्या केसपेपरच्या खिडकीजवळ जाऊन उभे राहा. कॉलेजचं नाव काढू नका.

तासभर नुसतं बघा. रांग किती आहे, हलते कशी. लोक कुठून आलेत ते बोलीवरून आणि हातातल्या पिशव्यांवरून कळतं. मग वॉर्डांतून एक चक्कर मारा, भेटायच्या वेळेत, एखाद्याची विचारपूस करायला आल्यासारखे. आयोगाच्या २०२३ च्या निकषांप्रमाणे १०० जागांच्या कॉलेजला ४२० खाटा हव्यात, १५० जागांना ६०५, आणि ५० जागांचं कॉलेज असेल तर २२०. खाटा मोजत बसू नका, त्या असतातच. भरलेल्या खाटा मोजा. खाटेवर माणूस आहे, पण उशाला ना औषधाची पिशवी, ना डबा, ना कुणी नातेवाईक, आणि चार खाटा सोडून तसाच आणखी एक? तो पेशंट आहे की त्या दिवसापुरता आणून झोपवलेला माणूस, हे दुकानदाराच्या नजरेला लगेच कळतं. तुम्हालाही कळेल. आजारी माणसाजवळ पसारा असतो.

आता माझ्या धंद्यातली खूण सांगतो. हॉस्पिटलच्या समोरचं मेडिकल गाठा. क्रोसिनची पट्टी घ्या आणि दुकानदाराशी दोन शब्द बोला. विचारा, रात्री दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं. ज्या हॉस्पिटलला खरी इमर्जन्सी येते, त्याच्यासमोर किमान एक मेडिकल रात्रभर उघडं असतं, कारण रात्री दोनला सलाइनचा सेट, कॅथेटर, टाक्यांचा धागा लागतो. नऊला शटर पडत असेल तर आत रात्री काय चालतं त्याचा अंदाज बांधा. सरकारी हॉस्पिटलात औषधं आतूनच मिळायला हवीत, तरी बाहेरची चिठ्ठी कधी ना कधी येतेच. दुकानदाराला आणखी एक विचारा: "आतले सिझर करतात का, की पुढं पाठवतात?" तो एका वाक्यात सांगेल ते कॉलेजच्या माहितीपुस्तकात पन्नास पानांतही नसतं.

मी मुलीसाठी असं गेलो होतो तेव्हा समोरच्या मेडिकलवाल्यानं मला आपला भाईबंद म्हणून स्टूल दिलं. म्हणाला, "साहेब, बाळंतपणाला नंबर एक. हाडांचं पण जोरात आहे. पण डोक्याला मार लागला की अजून पुढं पाठवतात, आणि लहान पोरांच्या वॉर्डाला डॉक्टर बदलून बदलून येतात." मी ते चिठ्ठीच्या मागं लिहून घेतलं. आज मुलगी तिथल्या वॉर्डात जाते, तेव्हा कळतं की त्यानं एक अक्षर चुकीचं सांगितलं नव्हतं.

दुसरी फेरी रात्रीची. साडेनऊ-दहाला अपघात विभागाच्या दारात पंधरा मिनिटं थांबा. रुग्णवाहिका येतात की इथून पुढं जातात? येण्यापेक्षा जाणाऱ्या जास्त दिसल्या, तर ते हॉस्पिटल अजून मेडिकल कॉलेजचं झालेलं नाही.

रक्तपेढी, अतिदक्षता विभाग, सीटी स्कॅन ह्या तीन गोष्टी चालू आहेत का ते पेशंटच्या नातेवाइकांना विचारा. "मशीन आहे" आणि "मशीन चालू आहे" ह्यात किती फरक असतो ते आपल्याला सरकारी ऑफिसातल्या झेरॉक्सनं शिकवलेलं आहे.

कॉलेज आणि हॉस्पिटल वेगवेगळ्या जागी असेल तर जाण्यायेण्याचं गणित करा. नियमात अर्ध्या तासाच्या प्रवासापर्यंत चालतं. कॉलेजची बस आहे की पोरांनी शेअर रिक्षा शोधायची? रात्रीची ड्यूटी लागल्यावर मुलगी होस्टेलवर कशी येणार? हा प्रश्न डीनसाहेबांना विचारा आणि उत्तर द्यायला त्यांना किती वेळ लागतो ते बघा.

शिकवणारी माणसं

नव्या सरकारी कॉलेजांचं दुखणं हेच आहे. पदं मंजूर होतात, भरली जात नाहीत. मग जुन्या कॉलेजातून प्रतिनियुक्तीवर माणसं आणतात, काही कंत्राटावर घेतात. प्रतिनियुक्तीवरच्या सरांचं घर पुण्यात, मन पुण्यात. आयोगानं अध्यापकांना आधारशी जोडलेली हजेरी आणि ७५ टक्क्यांची अट घातल्यापासून नुसत्या कागदावरच्या मास्तरांना जरा चाप बसला आहे, पण हजेरी लावलेला माणूस शिकवेलच असं काही नाही.

आमच्या मुलीच्या पहिल्या वर्षी एका विषयाला जवळजवळ चार महिने एकच मॅडम होत्या. लेक्चर त्याच घ्यायच्या, प्रॅक्टिकलही त्याच, पेपरही त्याच तपासायच्या. मायक्रोस्कोप आले होते, पण खोक्यांत. उघडायला समिती यायची होती. पोरांनी व्हिडिओ बघून अभ्यास केला. तक्रार म्हणून सांगत नाही, त्या मॅडमना तर पोरं आजही मानतात. पण हे आधी कळलं असतं तर पहिल्याच महिन्यात चांगली पुस्तकं आणि एक ऑनलाइन कोर्स घेऊन दिला असता.

म्हणून "फॅकल्टी फुल आहे का?" असं मोघम विचारू नका. हो म्हणतील. विभागाचं नाव घेऊन विचारा: अॅनाटॉमीला आज कॉलेजात किती जण हजर आहेत? एका देहावर किती पोरं डिसेक्शन करतात? फिजिओलॉजीचं प्रॅक्टिकल गेल्या आठवड्यात झालं का? आणि हे ऑफिसात न विचारता संध्याकाळी मेसच्या बाहेर पोरांना विचारा. आपल्या भागातलं एखादं पोर कुठल्याही कॉलेजात सापडतंच. सातारा-सांगलीचं म्हटलं की गावचं निघतं आणि मग दोन तास थांबत नाही.

वर्षांचा हिशेब मांडा

ह्या भागाकडं लोक दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते निम्मा निर्णय इथंच आहे. एमबीबीएस साडेचार वर्षांचं, वर एक वर्ष इंटर्नशिप. एक कोरा कागद घ्या, पोराचं प्रवेशाचं वर्ष लिहा आणि खाली एकेक वर्ष उतरवा.

पहिल्या वर्षी लागतं अॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री. म्हणजे डिसेक्शन हॉल, लॅब, होस्टेल. हॉस्पिटल फारसं लागत नाही. कॉलेज यंदाच सुरू होत असेल तर हे तीन विभाग आजच तयार पाहिजेत. "दिवाळीनंतर होईल" चालणार नाही. पहिल्या वर्षाची परीक्षा द्यायला चार संधी असतात, पण ज्या पोराचा पाया इथं कच्चा राहतो त्याला पुढं तो फार महागात पडतो.

दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकोलॉजी, आणि सकाळी वॉर्डात जाणं सुरू. म्हणजे आजपासून वर्षभरानं तिथली लॅब हवी. तीन वर्षांनंतरच्या गोष्टी, मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, बालरोग, आज अर्धवट असल्या तरी चालतील, जर त्या वाढताना दिसत असतील. बांधकाम कुठवर आलंय ते बघा. स्लॅब पडलेला आहे की नुसता भूमिपूजनाचा दगड आहे?

ह्या हिशेबात एक गंमत आहे. चौथ्या-पाचव्या बॅचच्या पोराला कॉलेज "नवं" वाटतच नाही. त्याच्या आधीच्या पोरांनी सगळे खड्डे बुजवलेले असतात. कॉलेज किती जुनं ह्यापेक्षा आपलं पोर कितव्या बॅचचं हे मोजणं जास्त कामाचं. सगळ्यात कठीण पहिली बॅच, त्याखालोखाल दुसरी.

सीनियर नसणं, पीजी नसणं

पहिल्या बॅचला सीनियर नसतात. रॅगिंगची भीती नाही म्हणून आया खूश असतात. पण सीनियर म्हणजे जुने पेपर, हाडांचा सेट, कुठल्या सरांना व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, काय आवडतं त्याची खबर, आणि रात्री ताप आला तर क्रोसिन आणून देणारा दादा. हे सगळं पहिल्या बॅचच्या पोरांना स्वतः उभं करावं लागतं. काही पोरं त्यात फुलतात. माझी मुलगी शाळेत तोंड उघडत नव्हती. इथं तिनं लायब्ररीचा वेळ रात्री अकरापर्यंत वाढवून घेतला, अर्ज लिहून, सह्या गोळा करून. काही पोरं मात्र कोमेजतात. तुमचं पोर कुठल्या तऱ्हेचं आहे ते तुम्हालाच ठाऊक.

नव्या कॉलेजात सुरुवातीला पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर, ज्यांना पोरं "पीजी" म्हणतात, तेही नसतात. जुन्या कॉलेजात वॉर्डाचं सगळं काम पीजी ओढतात, आणि खालच्या पोरांना रात्री अकराला शिकवणारेही तेच. नव्या जागी शिकवणारा हा मधला माणूस गायब असतो. त्याच वेळी इंटर्नच्या हाताला काम भरपूर मिळतं. मिरज-पुण्याकडं टाका घालायला पीजीच्या मागं उभं राहावं लागतं, सिव्हिलवर बसलेल्या नव्या कॉलेजात तोच टाका इंटर्नच्या वाट्याला येतो. ज्याला आपल्या तालुक्यात येऊन दवाखाना टाकायचाय, त्याला हे सोनं आहे.

पीजीच्या प्रवेशाचं म्हणाल, तर नीट पीजीला कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही. मार्क पडले की पडले. "नव्या कॉलेजचा डॉक्टर म्हटल्यावर पेशंट येतील का?" असंही एकानं मला विचारलं. बावीस वर्षं मी चिठ्ठ्या वाचतोय. एकाही पेशंटनं अजून मला डॉक्टरचं कॉलेज विचारलेलं नाही. गुण येतो का आणि फी किती, एवढंच विचारतात.

पैसा आणि बॉण्ड

सरकारी कॉलेज नवं असो की जुनं, फीमध्ये फार अंतर नाही. पण नवं होस्टेल झालेलं नसेल तर बाहेर खोली, बाहेर मेस, रिक्षा हा खर्च धरा. कॉलेजची फी भरायला पैसे होते आणि खोलीचं डिपॉझिट भरायला सोनं ठेवलं, अशी घरं मी बघितली आहेत. सरकारी कॉलेजातून पास झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवेचा बॉण्ड असतो. बॉण्डला घाबरून सरकारी जागा सोडणारा माणूस मला अजून समजलेला नाही. त्या एका वर्षापेक्षा खाजगीची फी कितीतरी जड जाते.

खाजगी कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजनिहाय आकडा मिळतो. कॉलेजनं तोंडी सांगितलेला आकडा आणि तिथला आकडा शेजारी शेजारी लिहा. मधल्या फरकाला "डेव्हलपमेंट", "कॉशन", "युनिफॉर्म" अशी गोंडस नावं असतात. प्रत्येकाची पावती मिळेल का, विचारा. शिष्यवृत्ती आणि मुलींच्या फीमाफीचे नियम त्या त्या वर्षीचे, आणि ते केंद्रीय प्रवेशातून गेलेल्यांनाच लागू होतात. अभिमत विद्यापीठात ते धरून चालू नका. आणि इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन खरोखर हातात पडतं का, हे विचारायला पहिल्या दिवशी लाजू नका.

ऑप्शन फॉर्म: क्रम कसा लावायचा

देशपातळीवरच्या १५ टक्के जागा आणि राज्याच्या ८५ टक्के, अशा दोन वेगळ्या नोंदण्या असतात. साताऱ्यासारख्या १०० जागांच्या सरकारी कॉलेजात राज्याच्या वाट्याला ८५ येतात. दोन्हीकडं नोंदणी करा.

क्रम लावताना माझा हिशेब असा असतो. आधी जुनी सरकारी, मग जिल्हा रुग्णालयावरची नवी सरकारी, अगदी लांबची असली तरी. त्यानंतर जुनी, चालत्या हॉस्पिटलची खाजगी, खिशाला झेपत असतील तर. नवी खाजगी शेवटी, आणि तीही वर सांगितलेल्या दोन फेऱ्या मारून झाल्यावरच. जवळचं नवं सरकारी आणि लांबचं जुनं सरकारी ह्यात मात्र पोरगं घरापासून लांब राहू शकतं का हे बघा. राहू शकत असेल तर लांबचं जुनं वर टाका. घरचा डबा आणि दर शनिवारी गाव ह्यापायी अभ्यास बुडालेली पोरंही आहेत.

ड्रॉप घ्यायचा का, म्हणजे वर्षभर थांबून नीट पुन्हा द्यायची का? नवं सरकारी लागत असेल आणि केवळ ते नवं आहे म्हणून ड्रॉपचा विचार असेल, तर नको. हातातलं सोडून पळत्याच्या मागं लागण्यातला प्रकार आहे तो. नवं खाजगी, महागडं, रिकाम्या वॉर्डांचं लागत असेल आणि पोराला अजून चाळीस-पन्नास मार्कांची उमेद असेल, तर एक वर्ष जाऊ द्या. मधली माणसं मधेच राहतात, त्यांना मी काय सांगणार?

लागलेली जागा ठेवून पुढच्या राउंडला वरचं मिळतं का बघायचं, की आहे ती पक्की करायची, ह्याचे नियम माहितीपुस्तिकेत दर वर्षी थोडे बदलतात. शेजारच्या गेल्या वर्षीच्या पोराला विचारून फॉर्म भरू नका. पुस्तिका स्वतः वाचा, पेन्सिलीनं खुणा करा. कुठल्या राउंडपासून जागा सोडली तर अनामत जाते आणि पुढच्या राउंडला उभं राहता येत नाही, ते वाक्य शोधून ठेवा.

घेतली जागा, मग?

पहिल्या महिन्यात करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. आधी झालेल्या बॅचच्या दोन पोरांचे नंबर मिळवा. पहिलीच बॅच असेल तर शेजारच्या जिल्ह्यातल्या जुन्या कॉलेजातलं ओळखीचं पोर धरा आणि त्याच्याकडून पेपर, जर्नल मागवा. ज्या विषयाला माणूस कमी आहे, त्याचं चांगलं पुस्तक पहिल्याच आठवड्यात घ्या. लेक्चरला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरीची अट असते, आणि नव्या कॉलेजात पोरं कमी असल्यानं मागच्या बाकावर लपता येत नाही. तेव्हा पहिल्या वर्षी गावच्या जत्रेला बोलावून त्याची हजेरी बुडवू नका. पालकांचा ग्रुप निघाला तर त्यात राहा, पण रोज रात्री तक्रारी करणाऱ्यांत बसू नका. एखादं खरं दुखणं असेल, पाणी, मेस, मुलींच्या होस्टेलचा पहारा, तर चार पालकांनी मिळून लेखी द्या आणि पोच घ्या. सरकारी जागी पोच घेतलेला कागद हलतो, तोंडी बोलणं हवेत जातं.

आणि सामान भरताना लांब वायरचं एक्स्टेंशन बोर्ड द्या. नव्या होस्टेलात पलंग एका भिंतीला असतो आणि प्लग दुसऱ्या.